ऑक्टोपसला सोमवार नसतो

म्हापशात समुद्रातला जीव घरात आला, की त्याचा मुक्काम फार तर दुपारी एकपर्यंत. सकाळी पिशवीतून येतो, मोरीवर आंघोळ होते, हळद-मीठ लागतं आणि एक वाजता त्याचं हुमण होऊन तो भातावर आलेला असतो. बांगड्याला लाडकं नाव द्यावं, सुंगटांची तब्येत विचारावी, कुर्ली उदास दिसते म्हणून तिला जरा खिडकीपाशी हलवावं, असले विचार आमच्याकडे कोणाला सुचत नाहीत. कुर्ली उदास दिसली तर ती कालची आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे माझ्या मेहुण्यानं एका रविवारी भर जेवणात "भाऊजी, मी ऑक्टोपस आणायचं म्हणतोय" असं जाहीर केलं, तेव्हा कोणी ताटातून मान वर केली नाही. सासूबाईंनी तेवढं विचारलं, "आण. पण साफ कोण करणार?"

तो खायचा नाही, पाळायचा आहे, हे कळल्यावर त्यांनी हा प्रश्न मागे घेतला नाही. उलट आवाज चढवून पुन्हा विचारला.

मेहुण्याचं म्हापशात औषधांचं दुकान आहे आणि तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. गणपती, देवकार्य आणि भांडणं हे सगळं पेडण्याच्या मूळ घरी होतं. म्हापशाच्या फ्लॅटमध्ये फक्त राहायचं आणि पाहुण्यांना हॉल दाखवायचा. पाळीव प्राण्याची आमच्याकडची व्याख्याही त्यातूनच आली आहे : जो पाहुण्यांना दाखवता येतो तो. समोरच्या ब्लॉकमधला कुत्रा शेकहँड करतो. त्याच्या वरच्या घरात फ्लॉवरहॉर्न आहे, कपाळावर टेंगूळ असलेला. टेंगूळ जितकं मोठं तितकी घरात बरकत, असं मालक सांगतो. पहिल्या मजल्यावर अरोवाना आहे. तो लक्ष्मी आणतो. आणलेली लक्ष्मी त्याच्याच खाण्यावर जाते, हे मालकीणबाई हळूच सांगतात. मेहुण्याला या सगळ्यांच्या पुढचं काहीतरी हवं होतं. वास्तुवाल्यानं सांगितलं होतं, ईशान्येला काचेची टाकी ठेवा, तिच्यात आठ सोनेरी मासे आणि एक काळा. मेहुण्यानं हिशेब केला : ऑक्टोपसला हात आठ आणि शाई काळी. एकाच जनावरात कोटा पूर्ण.

ठिणगी पडली होती ती 'माय ऑक्टोपस टीचर' पाहून. २०२० चा हा माहितीपट. २०२१ साली त्याला ऑस्कर मिळालं. क्रेग फॉस्टर नावाचा गृहस्थ केपटाऊनजवळच्या हाडं गोठवणाऱ्या समुद्रात, पाणबुड्याचा पोशाखही न घालता, रोज बुडी मारतो आणि एका ऑक्टोपस मादीशी जवळपास वर्षभर ओळख राखतो, अशी त्याची गोष्ट. म्हणजे माणूस रोज ऑक्टोपसच्या घरी गेला. मेहुण्यानं घेतलेला बोध असा, की ऑक्टोपसला आपल्या घरी आणावं. "हणजूण इथून आठ-नऊ किलोमीटर. तूही जा की रोज ओहोटीला," मी सुचवलं. तो म्हणाला, "भाऊजी, पार्किंग मिळत नाही."

हे काही खोटं नव्हतं. शिवाय खडकातला ऑक्टोपस असा सहज दिसतही नाही. मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी २०१७ पासून लोकांना ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर फिरवून तिथले जीव दाखवतात. ऑक्टोपस निघाला, की दाखवणारा बोट करतो आणि बघणारे विचारतात, "कुठे?" तो पुन्हा बोट करतो. हे पुन्हा विचारतात, "कुठे?" मग ज्या दगडाकडे सगळे बघत असतात तोच उठून चालायला लागतो. कातडीखालच्या रंगाच्या बारीक पिशव्या स्नायूंनी ताणायच्या किंवा आवळायच्या, की सेकंदाच्या आत अंगाचा रंग पालटतो. आणि गंमत म्हणजे बहुतेक ऑक्टोपस स्वतः रंगांधळे असतात. रंग बदलण्याचं आम्हा गोंयकारांना तसं फारसं अप्रूप नाही. २०१९ च्या जुलैत काँग्रेसच्या १० आमदारांनी बदलला, २०२२ च्या सप्टेंबरात ८ जणांनी. फरक एवढाच, की ऑक्टोपस धोका टळल्यावर मूळ रंगावर येतो.

असो. टाकी आली. दोनशे लिटरची. छोट्या जातीच्या ऑक्टोपसला याहून कमी जागा पुरत नाही, असं मेहुण्यानं वाचलं होतं. समुद्राचं पाणी साध्या पाण्यापेक्षा जड. दोनशे लिटर म्हणजे दोनशेपाच किलो नुसतं पाणीच, वर काच, वाळू, दगड आणि लोखंडी स्टँड. सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त इंजिनिअर. ते टाकीपेक्षा टाकीखालच्या फरशीकडेच जास्त वेळ बघत उभे राहिले. मग खाली दुसऱ्या मजल्यावर जाऊन तिथलं छत बघून आले.

टाकीसाठी शोकेस हलवावं लागलं. त्यात सासऱ्यांनी कधीकाळी रामेश्वरहून आणलेला पांढरा प्रवाळ होता. मेहुण्याला वाटलं, हा आत ठेवला तर समुद्राचा आभास येईल. मी त्याला सांगितलं, की प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या सूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. तो प्रवाळ आता पेडण्याला माळ्यावर आहे, तांदळाच्या पोत्याआड. सासूबाई त्याच्याबद्दल बोलताना आवाज उतरवतात.

मग पाण्याचा प्रश्न. पहिल्यांदा त्यानं वागातोरहून स्कूटरवर कॅन भरून आणले. उन्हाळ्यात ते चाललं असतं. पण पावसाळ्यात नद्या चिखल आणि गोडं पाणी समुद्रात ओततात, किनाऱ्याजवळचा खारेपणा उतरतो, आणि ऑक्टोपसला पातळ झालेलं समुद्राचं पाणी सोसत नाही. त्याला लिटरमागे पस्तीस ग्रॅमच्या आसपास मीठ लागतं, तेही सगळ्या क्षारांसकट. पेडण्यात आगरवाड्याला मिठागरं आहेत. तिथलं मीठ आणून घोळावं, अशी सूचना मेहुण्याच्या सासऱ्यांनी केली. पण मिठागरात खाण्याचं मीठ खाली बसतं आणि मॅग्नेशियमसारखे क्षार मागच्या कडू पाण्यात राहतात. त्यामुळे परदेशी कंपनीचं 'समुद्री मीठ' बादलीच्या हिशेबानं मागवावं लागलं. समुद्रापासून स्कूटरच्या अंतरावर राहून बाहेरदेशातून समुद्र मागवणारं हे घर आहे, हे मी चार लोकांत सांगितलं तेव्हा मेहुणा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचे हे सासरे डिचोलीचे, खाणीवर नोकरी केलेले. पहिल्यांदा वाळू धुऊन न घेता टाकल्यामुळे पाणी गढूळ झालं, ते त्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या खंदकाचं पाणी यापेक्षा बरं होतं."

खरी लढाई तांब्यावरून झाली. सासूबाई रात्री तांब्याच्या लोटीत पाणी भरून ठेवतात, सकाळी पितात आणि उरलेलं झाडांना, कासवछाप उदबत्तीच्या राखेला, जे समोर येईल त्याला घालतात. त्यात टाकीही आली असती. ऑक्टोपसचं रक्त निळं असतं, कारण आपल्या रक्तात जिथं लोह असतं तिथं त्याच्या रक्तात तांबं असतं. पण पाण्यात विरघळलेलं तांबं त्याला विष. ज्या टाकीत माशांचं तांब्याचं औषध एकदा जरी घातलेलं असेल, ती टाकी जाणकार ऑक्टोपससाठी बाद धरतात. सासूबाईंना हे पटेना. "त्याच्या रक्तातच तांबं आहे, तर बाहेरचं कसं बाधणार?" मी म्हटलं, "आई, आपल्या रक्तात लोखंड आहे म्हणून आपण खिळे खातो का?" त्यांनी उत्तर दिलं नाही, पण त्या दिवसापासून मला जेवताना लोखंडी कढईतली भाजी आठवणीनं वाढू लागल्या.

टाकीत पाणी भरलं म्हणजे ऑक्टोपस सोडता येतो, असंही नाही. आधी महिना-दोन महिने नुसती यंत्रं चालवायची, म्हणजे वाळूत आणि दगडांत जिवाणू धरतात. हे जिवाणू विष्ठेतला अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. ऑक्टोपस भरपूर खातो आणि त्याच हिशेबानं घाण करतो, म्हणून स्किमर नावाचं यंत्र लावायचं. ते पाण्याला फेस आणून घाण बाहेर काढतं. मे महिन्यात पाणी तापू नये म्हणून चिलर. हवेचा पंप अखंड. थोडक्यात, सासूबाईंच्या खोलीत पंखा आणि ऑक्टोपसच्या खोलीत वातानुकूलन. आणि आमच्याकडे पहिल्या वळवाबरोबर लाईट जाते. इन्व्हर्टरवर पंखा, फ्रीज की ऑक्टोपस, यावर घरात मतदान झालं. फ्रीजमध्ये मासळी असल्यामुळे फ्रीज मोठ्या फरकानं निवडून आला.

"सध्या काय पाळलंयस?" मी विचारायचो.

"बॅक्टेरिया," मेहुणा सांगायचा. सासूबाईंचं म्हणणं, त्याला एवढा खर्च कशाला, बेसिनखाली फुकट आहेत.

पण घराची खरी कसोटी लागली ती खाण्यावरून. ऑक्टोपस शाकाहारी नाही आणि अर्धवट मांसाहारीही नाही. त्याला कुर्ल्या लागतात, सुंगटं लागतात, तिसऱ्या लागतात. सवय लागली तर गोठवलेलं खातो, पण मनापासून आवडतं ते जिवंत. शिंपल्याला बारीक भोक पाडतो, आत विषारी लाळ सोडतो आणि सावकाश उघडून खातो. हे सगळं रोज. आणि या घरात सोमवार आहे, गुरुवार आहे, संकष्टी आहे, एकादशी आहे, अख्खा श्रावण आहे. श्रावणात पेडण्याच्या घराण्यात सुकटाचा डबासुद्धा झाकून ठेवतात. त्यात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना समुद्रबंदी. म्हणजे बंदी संपते न संपते तोच श्रावण येऊन उभा. खाजनांतल्या मानशींवर, म्हणजे बांधाच्या दारांवर, मिळणाऱ्या कुर्ल्यांवर पावसाळा काढता येईल, पण सोमवारी घरात कुर्ली फुटली तर?

मेहुण्यानं भटजींना गाठलं. भटजी व्यवहारी. त्यांनी विचार करून सांगितलं, "मारणारा तो, खाणारा तो. यजमानाला दोष नाही. आणणाऱ्याला थोडा लागतो." मग ठरलं, की सोमवारची कुर्ली रविवारीच आणायची आणि बादलीत मुक्कामाला ठेवायची. ऑक्टोपस यायच्या आधीच मेहुण्यानं याची रंगीत तालीम घेतली. सोमवारभर कुर्ली बाथरूममध्ये बादलीत राहिली, डोळे वर काढून. त्याच्या धाकट्या मुलीनं शाळेतून आल्यावर तिला पाहिलं, तिच्यासमोर बसून गृहपाठ केला आणि तिचं नाव 'राणी' ठेवलं. मंगळवारी राणीचं हुमण करायचा विषय निघाला, तशी घरात जी रडारड झाली तिचा आवाज सेक्रेटरींपर्यंत गेला. राणीला शेवटी शिवोलीला नेऊन नदीत सोडलं. गाडीत तिच्यासाठी ओलं फडकं होतं. एवढ्या इतमामानं आमच्या खानदानात कोणतीही कुर्ली घराबाहेर पडलेली नाही.

ऑक्टोपस मिळवायचा कुठून, हा प्रश्न मेहुण्याला फार उशिरा पडला. शुक्रवारच्या बाजारात आम्ही मासळीच्या बाजूला गेलो. लसणाच्या माळा, चोरीस, मातीची भांडी, गावठी मिरच्या, सगळं ओलांडून आत, जिथं जमीन कायम ओली असते तिथं. ओळखीच्या मासळीवालीला मेहुण्यानं विचारलं, "जिवंत ऑक्टोपस मिळेल?" तिनं सुरी थांबवली. "पात्रांव, मेल्लो घेवपाक कोण ना, जिवो खंय हाडूं?" मग त्याचा चेहरा पाहून तिला दया आली असावी. टोपलीतली एक माणकी उचलून तिनं त्याच्या नाकासमोर धरली. "ही व्हर. हिका दोन पांय चड आसात." हिशेब बरोबर होता; माणकीला आठ हात आणि वर दोन लांब सोंडा असतात. आम्ही अर्धा किलो घेतल्या.

मेल्यालाही गिऱ्हाईक नाही, हे तिचं म्हणणं मात्र विचार करण्यासारखं आहे. पोर्तुगीज इथं ४५१ वर्षं होते. पाव दिला, मिरची दिली, काजू दिला. त्यांच्या उत्तरेकडच्या भागात नाताळच्या आदल्या रात्री ऑक्टोपस शिजतो. तो त्यांनी आपल्या इथल्या जातभाईंच्या सॅलडपर्यंत पोचवला आणि तिथंच सोडला. आमच्या नारळाच्या वाटणात तो काही शिरला नाही. आठ हात असून!

शिरायचं म्हटलं तर त्याला अडवणं कठीण. अंगात हाड नाही; चोच तेवढी टणक. चोच जिथून जाईल तिथून सगळा ऑक्टोपस जातो. न्यूझीलंडमधल्या नेपियरच्या राष्ट्रीय मत्स्यालयात इंकी नावाचा एक होता. २०१६ साली टाकीचं झाकण किंचित उघडं राहिलं, इंकी रात्री बाहेर पडला, फरशीवरून सरपटत गटाराच्या तोंडाशी गेला आणि पन्नास मीटर लांब पाइपातून थेट समुद्रात. सोबतचा ब्लॉची टाकीतच राहिला. प्रत्येक घरात एक असा असतो. कॅलिफोर्नियात सँटा मोनिकाच्या मत्स्यालयात २००९ मध्ये एकीनं टाकीचा व्हॉल्व्ह खोलला आणि साडेसातशे लिटर पाणी जमिनीवर केलं. जर्मनीत कोबुर्गला २००८ मध्ये ऑटो नावाच्या ऑक्टोपसनं डोळ्यांवर येणाऱ्या दिव्यावर पाण्याची पिचकारी मारून रात्री-अपरात्री फ्यूज उडवायचा सपाटा लावला. हे कोण करतंय ते शोधायला कर्मचारी तिथं जमिनीवर झोपले. लाईट जाण्याची सवय असलेल्या माणसांना ऑटोचं हे कृत्य वेगळं ओळखताच आलं नसतं, म्हणजे म्हापशात तो कायमचा सुटला असता.

इंकीच्या वाटेनं जाणाऱ्याचं मात्र म्हापशात अवघड आहे. मी मेहुण्याला नकाशा काढून दाखवला. बाथरूमच्या जाळीतून पाइप, पाइपातून खाली, आणि खाली काय? सेप्टिक टँक. तिथून जगला-वाचला आणि गटारानं म्हापशाच्या नदीला लागला, तर नदी मांडवीला मिळते आणि मांडवीत पणजीसमोर कॅसिनोच्या बोटी. आठ हातांनी पत्ते पिसणाऱ्याला तिथं नोकरी मिळेलही. घरी मात्र तो परत येणार नाही.

त्याच्या अकलेबद्दल मी जितकं वाचलं तितका सासूबाईंच्या बाजूचा होत गेलो. सिॲटलच्या मत्स्यालयातल्या लोकांनी २०१० मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला : एकाच गणवेशातली दोन माणसं, एक रोज खायला घालायचा, दुसरा काटेरी काठीनं डिवचायचा. थोड्याच दिवसांत ऑक्टोपस दोघांना ओळखायला लागले. दुसरा दिसला की दूर सरायचे. म्हणजे हा प्राणी डूख धरतो. आणि त्याच्या मज्जापेशी पन्नास कोटींच्या घरात, त्यांपैकी दोन तृतीयांश डोक्यात नव्हे, हातांत. एकेक हात आपापलं चाचपून, चाखून, आपापलं ठरवतो. डोक्याला सगळं कळवलं जातंच असं नाही. हे वाचल्यावर मला पेडण्याचं घर आठवलं. आठ भाऊ, एक छप्पर. कोणी पोफळीच्या बागेत, कोणी कोर्टात वाटणीच्या इन्व्हेंटरीच्या कागदात, आणि कोणी काय विकलं हे सासऱ्यांना शेजाऱ्यांकडून कळायचं. अशा जिवाला पाळायला आणखी एक घर लागावं?

त्यात आयुष्य म्हणावं तर वर्ष, फार तर दोन. मादी अंडी घालते, ती फुटेपर्यंत त्यांच्यापाशी बसून राहते, खाणं सोडते आणि पिल्लं निघता निघता मरते. नराचंही मिलनानंतर फारसं काही उरत नाही. सासूबाईंना हे ऐकून वाईट वाटलं. "मग त्याचं लग्नच लावू नका," त्या म्हणाल्या. हे जेरोम वोडिन्स्की या शास्त्रज्ञानं १९७७ साली दुसऱ्या मार्गानं करून पाहिलं होतं : अंड्यांवर बसलेल्या माद्यांच्या डोळ्यांमागच्या ग्रंथी काढल्या, तर त्या अंडी सोडून उठल्या, पुन्हा जेवायला लागल्या आणि जास्त जगल्या. मेहुण्यानं टाकी आणि यंत्रं हप्त्यावर घेतली होती. माझ्या हिशेबानं हप्ते संपायच्या आधी ऑक्टोपस संपणार होता.

तरी शिगमा आटोपल्यावर एका पहाटे आम्ही शापोरा जेटीवर गेलोच. ट्रॉलर लागत होते. बर्फ, क्रेट, शिव्या, डिझेलचा वास, डोक्यावर घारी. मेहुण्यानं एका तांडेलाला सांगून ठेवलं होतं, आणि त्यानं शब्द पाळला होता. शेवटच्या ओढीत आलेला एक, पंजाएवढा, त्यानं समुद्राच्या पाण्यात बादलीत वेगळा ठेवला होता. निळ्या बादलीच्या तळाशी तो तपकिरी डागासारखा पडला होता. मेहुण्यानं टॉर्च मारली तशी त्याची कातडी शहारली, अंगभर बारीक काटे उभे राहिले आणि तपकिरी ओसरत राखाडी झाली, मग जवळजवळ पांढरी. डोळ्यातली बाहुली आडव्या फटीसारखी. तांडेलानं बादली तिरकी केली, तरी ती फट आडवीच राहिली. मग एका हाताचं टोक, गवताच्या पात्याएवढं, पाण्याबाहेर आलं आणि मेहुण्याच्या बोटाला लागलं. एक वाटी चिकटली, दुसरी चिकटली, मग ओळीनं चिकटतच गेल्या; सुटताना प्रत्येकीचा बारीक 'पट्' असा आवाज. "चव घेतोय," मेहुणा कुजबुजला. ते खरं आहे, या वाट्यांना चव कळते. पण औषधांच्या दुकानात दिवस काढणाऱ्या माणसाच्या हाताला सदा सॅनिटायझर. ते त्याला रुचलं नसावं. हात आखडला, पाण्याची चिळकांडी मेहुण्याच्या चष्म्यावर बसली, आणि तो चष्मा पुसेपर्यंत ऑक्टोपस बादलीच्या काठावर, काठावरून डेकवर, डेकवरून पाणी जायला ठेवलेल्या भोकात. अंग आत गेलं ते ओतल्यासारखं. एक हात तेवढा जरा मागे रेंगाळला, काठ चाचपून पाहिला, आणि तोही गेला.

"गया साब," ओडिशाचा खलाशी म्हणाला.

तांडेल गालातल्या गालात हसत होता. "जिवो जाय म्हणटालो न्हय? जिवोच गेलो."

परत येताना मेहुणा गप्प होता. मला वाटलं, आता टाकी विकायला काढणार. पण त्यानं ती चालूच ठेवली. पाणी आता काचेसारखं होतं, जिवाणू सुखात होते, आणि वाळूवर त्यानं दोन करवंट्या ठेवल्या होत्या, एकीवर एक उपडी. त्यालाही शास्त्राधार आहे. इंडोनेशियाच्या समुद्रात एका जातीचा ऑक्टोपस नारळाच्या फेकलेल्या करवंट्या गोळा करतो, पोटाखाली धरून काठीवर चालल्यासारखा त्या नेतो आणि धोका दिसला, की दोन्ही जुळवून आत बसतो. २००९ साली शास्त्रज्ञांनी हे जाहीर केलं. ही जात आपल्या समुद्रातही आहे, केरळच्या ट्रॉलरांच्या जाळ्यात येते. करवंटीला आमच्याकडे काही तोटा नाही.

पाहुणे यायचे, टाकीसमोर उभे राहायचे. "कुठे आहे?"

"करवंटीत," मेहुणा सांगायचा. सुरुवातीला तो पुढे "असता" हा शब्द जोडायचा. नंतर नंतर तो गळाला.

"दिवसा झोपतो का?"

"बहुतेक जाती रात्रीच फिरतात."

एकही वाक्य खोटं नाही. पाहुणे हात मागे बांधून वाकून बघायचे आणि हळूहळू त्यांना दिसायला लागायचं. पहिल्या मजल्यावरच्या अरोवानावाल्यानं करवंटी हललेली पाहिली. एका वकिलांनी रंग बदलताना पाहिला, वाळूसारखा झाला म्हणाले. डिचोलीचे सासरे तर रात्री पाणी प्यायला उठले असताना त्यांच्याकडे कोणीतरी रोखून बघितलं. दुकानात येणाऱ्या एकानं आडून आडून आकडा विचारला. पॉल आठवत होता त्याला : जर्मनीत ओबरहाउझेनच्या मत्स्यालयातला, २०१० च्या विश्वचषकात झेंडे लावलेल्या दोन डब्यांतला एक निवडून आठपैकी आठ निकाल बरोबर सांगणारा. त्या वर्षी आमच्याकडे गल्लीगल्लीत ब्राझील, पोर्तुगाल आणि अर्जेंटिनाचे झेंडे होते आणि पॉलनं तिघांचंही काही भलं केलं नाही. या गृहस्थानं टाकीकडे बघून आठाचा आकडा लावला. लागला नाही. पण त्याचा विश्वास ढळला नाही. फुटबॉलचा ऑक्टोपस वेगळा, मटक्याचा वेगळा, असं तो म्हणाला.

सासूबाई सोमवारी टाकीवर पडदा ओढतात.

गेल्या महिन्यात सोसायटीची सभा झाली. पाण्याची टाकी धुणं, रंगकाम आणि पार्किंग झाल्यावर सेक्रेटरींनी 'ऐनवेळचे विषय' काढले आणि इमारतीत ऑक्टोपस ठेवल्याबद्दल रहिवाशांत चिंतेचं वातावरण असल्याचं सांगितलं. तळमजल्यावरच्या काकूंनी तो जिन्यात पाहिल्याचं सांगितलं. अरोवानावाल्यानं इंकीची हकिगत सांगितली. ती त्याला मेहुण्यानंच सांगितली होती. अर्धा तास चर्चा झाली. मी मेहुण्याकडे बघत होतो. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. तो पाय हलवत छताकडे बघत बसला. शेवटी ठराव लिहिला गेला : इमारतीच्या लिफ्टमधून ऑक्टोपसची ने-आण करू नये, जिन्यानं करावी, आणि करताना झाकण लावावं. सूचक स्वतः सेक्रेटरी. अनुमोदक माझा मेहुणा.

इतिवृत्ताची प्रत त्यानं सही-शिक्क्यानिशी मागून घेतली. ती आता लॅमिनेट करून टाकीशेजारी लावली आहे.